पाच घरांवरची सोंगटी

मागच्या रविवारी तुमच्या आईनं फोनवर तक्रार केली. धाकटा म्हणे पोकरच्या स्पर्धांना जातो आणि थोरली रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर अनोळखी लोकांशी बॅकगॅमन खेळते. "आई, दोघंही जुगारी झाले," ती म्हणाली. मागून धाकट्याचा आवाज आला, "आजी, हा जुगार नाही, याला डोकं लागतं! तू गणित शिकवायचीस ना, तूच सांग हिला." मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगायला लागले असते तर तुमच्या आईनं मला अर्ध्यात तोडलं असतं.

पोकरमधलं मला काही कळत नाही. पण थोरलीनं पाठवलेली बॅकगॅमनची चित्रं मी भिंग घेऊन पाहिली. फासे टाकायचे, सोंगट्या घरी न्यायच्या, वाटेत एखादी एकटी सापडली की मारायची. म्हणजे आपला सारीपाटच, फक्त सुटाबुटातला. आणि सारीपाटात डोकं किती आणि नशीब किती, या प्रश्नावर एकदा माझा अख्खा संसार अडून बसला होता. तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही मध्य भारत नावाच्या राज्यात राहत होतो. ते आता नकाशात शोधू नका. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं जोडून ते बनवलं होतं. राजधानी कुठे यावर ग्वाल्हेरकरांचं आणि इंदूरकरांचं काही जमेना. शेवटी तोड अशी निघाली की सरकारनं थंडीत ग्वाल्हेरला बसावं आणि उन्हाळ्यात इंदूरला. तुमचे आजोबा त्या सरकारात कारकून. फायलींच्या पेट्या निघाल्या की त्यांच्या मागून हेही निघायचे. ज्याचं ऑफिसच बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतं, त्या माणसानं बायकोला कुठे ठेवायचं? उज्जैनला, आईवडिलांकडे. अशी मी इंदूरच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झालेली मुलगी फ्रीगंजमधल्या एका बैठ्या घरात येऊन पडले आणि नवरा सुटीत येणारा पाहुणा झाला.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, संस्थानच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. घराण्यातले सगळे पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या चाकरीत. दरबार गेला तेव्हा मामंजींनी फारसा शोक केला नाही. "दान उलटं पडलं," एवढंच म्हणाले आणि व्हरांड्यात सारीपाट मांडून बसले. ते जे बसले ते बसलेच. जेवणानंतरची झोप झाली, चहा झाला की पट उलगडायचा, तो दिवेलागणीला गुंडाळायचा.

समोर बसायचे शेजारचे मास्टरसाब. हे शाळामास्तर नव्हेत, निवृत्त स्टेशनमास्तर. माळव्यातलेच, हिंदी बोलणारे. सगळी हयात गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेल्यामुळे जगात जे काही घडतं ते वेळेवर किंवा उशिरा घडतं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या बाजूनं कवड्या टाकायला त्यांची थोरली बहीण असायची. तिला सगळी गल्ली बुआजी म्हणे. बुआजी कवड्या मुठीत घेऊन कानाशी खुळखुळवायच्या, "जय महाकाल" म्हणायच्या आणि फेकायच्या. मग काय पडलं ते भावाला विचारायच्या, कारण त्यांना नीट दिसत नसे.

हो, आमच्याकडे टाकणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा. हा त्या व्हरांड्याचा जुना रिवाज. ज्याचा हातगुण चांगला त्यानं कवड्या टाकायच्या, ज्याला अक्कल आहे त्यानं सोंगट्या चालवायच्या. म्हणजे नशीब आणि डोकं यांची मामंजींनी सरळ वाटणीच करून टाकली होती. माझ्या आधी मामंजींच्या बाजूनं सासूबाई टाकायच्या. पण त्यांचं अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधात. एकदा म्हणे त्या कवड्या मुठीत घेऊनच आत गेल्या आणि त्या वरणाच्या डाळीत सापडल्या.

मी सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मामंजी म्हणाले, "सूनबाई, बसा. टाका बघू."

कवड्या सहा. मी टाकल्या, तर सहाच्या सहा उताण्या. तीस! याहून मोठं दान नाही. मास्टरसाब डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "अरे साहब, आपके यहाँ तो लक्ष्मीजी आ गईं!"

एवढं पुरलं. त्या दिवसापासून मी त्या घराचं नशीब झाले. मामंजींच्या पेन्शनचा अडकलेला कागद सुटला, तो माझ्यामुळे. नळाला सकाळी पाणी यायला लागलं, ते माझ्यामुळे. बी.ए.ला मी काय शिकले हे मला त्या घरात कुणी विचारलं नाही. मी कुठल्या नक्षत्रावर जन्मले ते मात्र बुआजींपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

आता डोक्याचा भाग. रोज तीन-चार तास पटासमोर बसल्यावर माझ्यासारखीचं काय होणार? मी मनातल्या मनात मोजायला लागले. कवड्या सहा असल्या तरी त्यांतून दानं ठरावीकच निघतात. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन, चार पडल्या तर चार. पाच पडल्या की मात्र पंचवीस. एकच पडली तर दहा, एकही नाही तर सहा आणि सगळ्या पडल्या तर तीस. सगळ्यात जास्त वेळा पडतं ते तीन. आणि नीट पाहिलंत तर तुमच्याही लक्षात येईल, पाच हे दानच नाही. कितीही डोकं आपटा, एका दानात पाच घरं कुणी चालू शकत नाही. म्हणजे शत्रूच्या सोंगटीपुढे बरोबर पाच घरांवर आपली सोंगटी उभी केली की ती सुरक्षित. तीन घरांवर उभी केली तर ती मेलीच समजा.

मामंजींना तीन घरांवर उभं राहायला फार आवडायचं.

टाकणाऱ्यानं चालीत तोंड घालायचं नाही असा नियम होता. पण एक दिवस पंचाईत झाली. मामंजींना दोन सोंगट्यांपैकी कुठली चालवावी ते सुचेना. ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्हाला कुठली शुभ वाटते?"

मी म्हटलं, "मागची पिवळी. कारण पुढे बुआजींची—"

"कारण नको!" मामंजींनी हात वर केला. "कारण दिलं की शकुन बिघडतो. फक्त कुठली ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी चालवली. ती पाच घरांवर गेली आणि वाचली. मग रोज तेच सुरू झालं. मामंजी विचारायचे, मी सांगायची, ती सोंगटी वाचायची आणि मास्टरसाब कपाळाला हात लावायचे. मी पुन्हा पुन्हा "कारण" म्हणून तोंड उघडायची आणि मामंजी पुन्हा पुन्हा हात वर करायचे, तरी उरलेलं वाक्य मी पुटपुटून संपवायचीच. ज्या घरावर मी सोंगटी नेऊन उभी करायची त्याला त्यांनी नावसुद्धा दिलं, "शकुनाचं घर". माझं सगळं गणित या दारानं आत जायचं आणि त्या दारानं हातगुण होऊन बाहेर यायचं.

एकदा मला सर्दी झाली होती. मी शिंकले, कवड्या हातातून निसटल्या आणि पंचवीस पडले. दुसऱ्या दिवसापासून अटीतटीचं दान असलं की मामंजी तपकिरीची डबी माझ्यापुढे सरकवायचे. "घ्या, चिमूटभर." मी कधी घेतली नाही. पण मास्टरसाबांनी त्याचा निषेध नोंदवला होता. "साहब, छींक से खेलना नियम में नहीं है।"

आणि जितकी मी शुभ, तितके तुमचे आजोबा अशुभ. हे मी म्हणत नाही, हे त्यांचे सख्खे वडील म्हणायचे. ते सुटीवर येऊन व्हरांड्यात नुसते उभे राहिले की मामंजींची सोंगटी मरायची. म्हणून देवास गेटवर मोटारीतून उतरून ते घरी पोचले, पाय धुतले, चहा झाला की मामंजी पिशवी हातात द्यायचे. "जा, भाजी घेऊन ये."

"बाबा, भाजी आहे घरात. आई आत्ता निवडतेय."

"मग दुसरी आण. तुझ्या आईला गिलकी आवडतात."

सासूबाई आतून ओरडायच्या, "मला नाही आवडत गिलकी!"

हे निमूट टावर चौकात जायचे, कचोरी खायचे, वाटल्यास दुसरी खायचे आणि डाव संपल्याचा अंदाज घेऊन परत यायचे. तुमच्या आजोबांचं पोट आयुष्यभर नाजूक राहिलं, त्याचं मूळ सारीपाटात आहे.

अशी तीन वर्षं गेली. मग वर्तमानपत्रात राज्यांच्या फेररचनेच्या बातम्या यायला लागल्या. मध्य भारत जाणार, मोठा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. एक राजधानी! थंडीत आणि उन्हाळ्यात तीच! लोक कुठे किती मंत्री मिळणार याची चर्चा करत होते. मी मनातल्या मनात पडदे शिवत होते. तुमच्या आजोबांना बदलीचा हुकूम आला आणि राहायला सरकारी क्वार्टर मिळणार असं कळलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे थोडी मोकळी जागा. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एका घरात राहणार होतो.

नवं राज्य ऐन दिवाळीत जन्माला आलं. हे घरी आले, लाडू खाल्ले आणि जेवताना हळूच विषय काढला. "बाबा, या वेळी जाताना हिलाही घेऊन जातो."

मामंजींचा घास हातातच राहिला. "कुणाला?"

"हिला."

"आणि मग इथे कवड्या कोण टाकणार?"

हे आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की वडील हसत नाहीत. मामंजींचं म्हणणं अगदी स्वच्छ होतं. दरबार गेला, मध्य भारत गेला. आता घरात उरलेलं एकच नशीब, तेही भोपाळला पाठवायचं? ते माणूस म्हणून फार चांगले होते. मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता की ते मला सोडायला तयार नव्हते. कडक सासऱ्याशी भांडता येतं, बिचारीला छळतात असं निदान माहेरी तरी म्हणता येतं. या सासऱ्याचं काय करायचं?

आधी मी सोपा उपाय करून पाहिला. वाईट टाकायचं ठरवलं. पण वाईट टाकायचं म्हणजे कसं टाकायचं? डाव्या हातानं टाकलं, दहा पडले. मान फिरवून टाकलं, पंचवीस. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी रागानं कवड्या जवळजवळ आपटल्या, तर सहाच्या सहा आकाशाकडे तोंड करून बसल्या. मामंजींचे डोळे भरून आले. "आणि म्हणे भोपाळ!"

मग मी सरळच बोलले. तेव्हाच्या रीतीनं पाहिलं तर जरा जास्तच सरळ.

"मामंजी, हे माझं नशीब नाही. दानं सगळ्यांना सारखीच पडतात. आपण जिंकतो ते सोंगट्या योग्य जागी ठेवतो म्हणून. ते गणित आहे. तुम्हाला शिकवून जाते, मग मी इथे नसले तरी चालेल."

मास्टरसाब पट सारखा करत होते. ते मोठ्यानं हसले. "बहूजी, बुरा मत मानना, पर तीन साल से मैं किस्मत से ही हार रहा हूँ। वरना अक़्ल में मैं किसी से कम थोड़े ही हूँ।"

मामंजी म्हणाले, "ऐका. आणि ते तर शत्रुपक्षाचे आहेत."

"मग नशीब बाजूला काढून खेळून दाखवते," मी म्हटलं.

"ते कसं काढणार? तुमचा हात तोच आहे."

तेव्हा सासूबाई दारात आल्या. पापडांचं सूप कमरेवर होतं. सासूबाईंना माझ्या भोपाळला जाण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण त्या स्वतः पुन्हा कवड्यांना हात लावणार नव्हत्या, तेव्हा मी गेले की सारीपाट बंद पडेल आणि इतक्या वर्षांनी व्हरांडा मोकळा होईल, असा त्यांचा हिशेब होता. ऊन फक्त त्या व्हरांड्यात यायचं आणि त्यांचे पापड दरवर्षी बुरसटायचे.

"त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "हिनं चालवावं आणि त्यानं टाकावं. त्याच्याएवढं फुटकं नशीब या गल्लीत दुसऱ्या कुणाचं नाही. तो टाकून जर ही जिंकली, तर मानाल ना की अक्कल आहे म्हणून?"

तुमचे आजोबा म्हणाले, "आई!"

"मी तुझ्याच भल्याचं बोलतेय. गप्प बस."

मामंजींनी विचार केला. त्यांना त्यात धोका दिसेना. मुलाच्या दानांनी कुणी जिंकू शकेल ही गोष्ट त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हती. ठरलं. दुसऱ्या दिवशी एकच डाव. आम्ही दोघं जिंकलो तर मी भोपाळला जाणार. हरलो तर हे एकटे जाणार आणि मी उज्जैनला व्हरांड्यात राहणार. किती दिवस ते कुणी बोललं नाही, पण मामंजींची प्रकृती ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी चहानंतर पट मांडला. आमच्यासमोर मास्टरसाब आणि बुआजी. मामंजी आरामखुर्चीत, पंच म्हणून. त्यांची अवस्था पाहण्यासारखी होती. तीन वर्षं ज्या माणसाला रोज हरवलं, तोच आज जिंकावा अशी प्रार्थना करायची पाळी. ते मास्टरसाबांना म्हणाले, "आज ज़रा ध्यान से खेलना, मास्टरसाब।"

मास्टरसाबांना ते लागलं. "मैं रोज़ ध्यान से ही खेलता हूँ, साहब।"

यांनी कवड्या उचलल्या. "अगं, काय टाकू?"

"काहीही टाका. मी बघते."

यांनी टाकल्या. पंचवीस!

मोठं दान पडलं की पुन्हा टाकायला मिळतं. यांनी पुन्हा टाकल्या. तीस. मामंजी खुर्चीत पुढे सरकले. बुआजींनी विचारलं, "क्या गिरा?" आणि ऐकून म्हणाल्या, "हाय राम, लल्ला को क्या हो गया!" माझा मात्र जीव खालीवर होत होता. असली दानं पडून आम्ही जिंकलो तर त्यात माझी अक्कल कुठे सिद्ध होणार? उद्या मामंजी म्हणतील, आता दोघांनाही इथेच ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मी देवाला म्हटलं, देवा, जरा वाईट पडू दे.

यांनी तिसऱ्यांदा टाकल्या. पुन्हा पंचवीस.

आणि मामंजींनी एक लांब सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता. कारण नियम असा होता की लागोपाठ तीन मोठी दानं पडली तर तिन्ही बाद. सगळं फुकट. जन्मात एकदा या माणसाचं नशीब उघडलं, तेही एवढं उघडलं की नियमात बसेना.

"बघा," मामंजी म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

त्यानंतर गाडी रुळावर आली. यांनी इमानेइतबारे दोन टाकले, मग दोन, मग तीन, मग पुन्हा दोन. माझ्या सोंगट्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. पण एकही मरत नव्हती. बुआजींची सोंगटी मागे आली की मी पाच घरं पुढे. ती आणखी जवळ आली की मी तिच्या नाकासमोर एका घरावर, कारण एक हेही दान नाही. मास्टरसाब दहा-दहा, पंचवीस-पंचवीस चालायचे, दर वेळी मारायला धावायचे आणि नेमके पुढे निघून जायचे. "प्लॅटफ़ॉर्म पर रुकती ही नहीं," ते आपल्याच सोंगटीवर चिडून म्हणाले.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आमच्या दोन सोंगट्या उरल्या होत्या. एक घराच्या तोंडाशी, तिला आत जायला नेमके दोन हवे होते. दुसरी बरीच मागे, एकटी, आणि तिच्या मागे बरोबर तीन घरांवर मास्टरसाबांची शेवटची सोंगटी. ती आमची मागची मारू शकली तर मी पुन्हा सुरुवातीपासून. म्हणजे भोपाळ विसरायचं.

यांनी टाकल्या. दोन.

"आलं!" यांनी टाळी वाजवली. "पुढची आत घे! आत घे ना! दोनच हवे होते!"

"थांबा हो."

"थांबा काय? एक तरी घरात जाईल. पुन्हा दोन कधी पडायचे?"

"मघापासून दुसरं काय पडतंय तुमचं?" मी म्हटलं. हात मागच्या सोंगटीकडे नेला, पण यांनी तोवर पुढची सोंगटी चिमटीत धरलेली. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांसमोर नवऱ्याचं मनगट धरायचा तो काळ नव्हे. मी लाजून सोडलं. यांनी सोंगटी उचलली.

आणि आरामखुर्ची करकन वाजली. मामंजी उभे राहिले होते.

"अरे गाढवा! मागची चालव, मागची! तीन घरांवर उभी आहे ती, तीन सगळ्यात जास्त पडतं! पाच घरांवर ने तिला! पाच दान पडतच नाही, कळत नाही का?"

मास्टरसाबांनी पटावरची मान वर केली. मामंजींच्याही लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी घसा खाकरला. मी तीन वर्षं "कारण" म्हणून तोंड उघडत होते आणि ते तीन वर्षं हात वर करत होते; पण कान त्यांनी बंद केले नव्हते. एकेक अक्षर पोचलं होतं.

मास्टरसाब अगदी नम्रपणे म्हणाले, "साहब, आप किसकी तरफ़ हैं?"

मामंजी बसले. "मैं पंच हूँ," ते म्हणाले.

यांनी चिमटीतली सोंगटी निमूट जागेवर ठेवली आणि मी मागची दोन घरं पुढे नेली. बुआजींनी कवड्या कानाशी खुळखुळवल्या, "जय महाकाल" म्हणून टाकल्या. "क्या गिरा?"

"तीन," मास्टरसाब म्हणाले. त्यांची सोंगटी तीन घरं चालून गेली आणि जिथे मघापर्यंत आमची होती त्या रिकाम्या घरात जाऊन बसली. त्यांनी त्या घराकडे बराच वेळ पाहिलं. मग पाच घरं बोटानं मोजली. मग पुन्हा मोजली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

पुढच्या दानाला यांनी चक्क दहा टाकले. मागची सोंगटी पळाली आणि थोड्या वेळात घरात गेली. उरली पुढची. तिला दोन हवे होते. दुपारभर दोनांवर दोन टाकत आलेल्या माणसानं आता तीन टाकले, चार टाकले, सहा टाकले, पुन्हा तीन टाकले. तिकडे मास्टरसाबांची सोंगटी धडधडत घराकडे येत होती. सासूबाई सूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाक रे, पापड करायचेत मला." यांनी टाकले. दोन.

आम्ही जिंकलो. मास्टरसाबांनी यांच्याशी हस्तांदोलन केलं. बुआजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी मामंजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, सूनबाई, मानलं तुमच्या गणिताला. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, नम्र असं.

मामंजींनी पटावरच्या कवड्या एकेक करून उचलल्या. मग म्हणाले, "मी नीट विचार केला. सूनबाईंना भोपाळला पाठवलंच पाहिजे."

सासूबाई म्हणाल्या, "मानलीत ना अक्कल?"

"अकलेचा काय संबंध? याची दानं पाहिलीस ना? नवं राज्य आहे. हा एकटा तिथे जाऊन फायली चालवायला लागला तर वर्षभरात बुडेल ते. सोबत नशीब पाठवायला नको?"

चार दिवसांनी आम्ही निघालो. भोपाळला पोचल्यावर कळलं की आमचं क्वार्टर यांच्याबरोबर आणखी एका कारकुनालाही दिलेलं आहे. तो आमच्या आधी येऊन आत झोपला होता. पण ती वेगळी हकिकत आहे, आणि शेवटी दोन खोल्यांपैकी एक आम्हाला मिळाली. पडदा मी दोन खोल्यांच्या मध्येच लावला.

तुमचा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर मला संक्रांतीला उज्जैनला गेले तेव्हा सापडलं. मला वाटलं होतं, व्हरांड्यात पापड असतील. तर पट मांडलेला. मामंजींच्या बाजूनं सासूबाई टाकत होत्या, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मामंजींची सोंगटी बुआजींच्या सोंगटीपुढे बरोबर पाच घरांवर उभी होती. आणि मास्टरसाबांची दुसरी सोंगटी मामंजींच्या सोंगटीपुढे बरोबर पाच घरांवर. त्या दिवशीच्या त्या एका आरोळीनं मास्टरसाबांनाही सगळं शिकवलं होतं. आता कुणी कुणाला मारू शकत नव्हतं. दोघंही चुका करत नव्हते. जो तो पाच घरांवर उभा राहून समोरच्याला वाईट दान पडायची वाट पाहत होता. डोकं दोघांचं बरोबरीला आलं आणि जिंकणं-हरणं पुन्हा सगळं कवड्यांवर आलं. धाकट्या, तुझ्या स्पर्धेत सगळेच हुशार असतील तर तिथेही असंच होत असणार. हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिला एवढंच सांग की आजीनं दोघांची बाजू घेतली.

मी मामंजींना नमस्कार केला आणि त्या सोंगटीकडे बोट दाखवून विचारलं, "तिथे का ठेवलीत?"

"शकुनाचं घर आहे," मामंजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सासूबाईंनी कवड्या पटावर ठेवल्या. "पूर्वी दिवेलागणीपर्यंत दोन डाव व्हायचे. आता परवाचा डाव अजून चालू आहे. पट गुंडाळतासुद्धा येत नाही, सोंगट्या हलतील म्हणून वरून टोपली झाकून ठेवतात." त्या माझ्याकडे वळल्या. "तू आणखी काही गणितं शिकली असशील कॉलेजात, तर ती भोपाळलाच ठेव."

आणि त्यांनी पापडांचं सूप उचललं आणि ऊन शोधत मास्टरसाबांच्या व्हरांड्याकडे निघाल्या.